तंगूस जाड, गळ कच्चा

मोठा मासा सुटला की आमच्याकडे सगळे एकच बोलतात, "नशिबात नव्हता." लहानपणापासून हे ऐकत आलो. आता मात्र ते मला मुळीच पटत नाही, आणि का पटत नाही ते या अंकात मांडावेसे वाटले. करमाळ्याच्या बाजूला उजनीच्या पाण्याकाठी आमचे घर आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे माझ्यापाशी जे काही ज्ञान आहे ते निम्मे वर्गातले आणि निम्मे होडीतले.

शहरातल्या मित्रांसाठी आधी शिंगट्याची ओळख करून देतो. अंगाला खवले नाहीत, तोंडाला लांब मिशा, परांना धारदार काटे. वाढला तर मीटरभराच्याही पुढे जातो. चिलापी जाळ्यात ढिगाने येते, पण मोठा शिंगटा गळाला लागला तर घरात त्या दिवसाची गोष्ट वेगळीच असते.

माझ्या पहिल्या वर्षाच्या फीची तारीख जवळ आली होती तेव्हा अण्णांच्या गळाला असाच एक लागला. होडीपाशी आला, मिशा दिसल्या, आणि एका हिसक्यात गेला. तंगूस तुटली नव्हती. ती नवी होती, जाड होती, चांगले पैसे मोजून आणलेली होती. वर आला तो गळ, सुईसारखा सरळ झालेला. चिलापीसाठी घेतलेल्या पुडीतला स्वस्त गळ होता तो. अण्णा म्हणाले, नशीब. फी शेळी विकून भरली.

माझे म्हणणे एवढेच की हाती पैसे थोडे असतील तर ते शेवटच्या हातभर भागावर खर्च करावेत. शंभर हात तंगूस कितीही दणकट असो, सगळा ओढा अखेर एका तारेच्या वाकावर आणि एका गाठीवर येतो. गळ जाड तारेचा हवा, पण टोकही तसेच हवे. नखावर ओढला तर रुतला पाहिजे, घसरता कामा नये. शिंगटा ओढताना अंगाला पीळ देतो, म्हणून मध्ये एक फिरती कडी हवी, नाहीतर तो पीळ तंगुशीत भरतो. गाठ आवळण्याआधी अण्णा तिला थुंकी लावतात. मी हसायचो. पुढे कळले की कोरडी गाठ आवळताना नायलॉन घासून तापते आणि तिथेच कमजोर होते. हसणे बंद केले.

आणि उजनीत एक गोष्ट निराळी आहे. 1980 साली धरण पुरे झाले आणि गावे पाण्याखाली गेली. पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर दिसते, तशाच आमच्या जुन्या गावाच्या दगडी भिंती आत उभ्या आहेत. शिंगटा लागला की तो तळाकडे, त्या दगडांकडे धावतो. आजीच्या घराची भिंत आमची तंगूस कापते, असे म्हटले तर चूक नाही. म्हणून गळाजवळचा भाग जाड ठेवावा, आणि दर खेपेला बोटांतून ओढून खरखरीत लागला तेवढा कापून टाकावा.

पण सगळेच जाड घ्यावे असेही नाही. शिसे बारीक दोऱ्यानेच बांधावे. ते दगडात अडकले तर तेवढेच तुटून जाते, मासा आणि गळ हाती राहतात. नाहीतर मासा तोंडात गळ आणि मागे लांब दोरी घेऊन हिंडतो. त्यात त्याचेही हाल, आपल्याही हाती काही नाही.

हेमिंग्वेची ती म्हाताऱ्या कोळ्याची कादंबरी, पु. लं.नी 'एका कोळियाने' म्हणून मराठीत आणलेली, वर्गात निघाली की चर्चा नेहमी माणसाच्या जिद्दीची होते. सरांची क्षमा मागून सांगतो, मी ती वाचताना दोरीकडे बघत होतो. चौऱ्याऐंशी दिवस मासा नाही, तरी त्याच्या दोऱ्या, गळ, आमिष सारे जिथल्या तिथे. त्याचा मासा शार्कांनी खाल्ला. गळाने दगा दिला नाही.

या सुट्टीत अण्णांनी दहा नवे गळ आणले. मी एकेक खिळ्यात अडकवून दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावून ओढला. अण्णा शेजारी बसून बघत होते. चार वाकले. ते चार त्यांनीच उचलून चिलापीच्या डब्यात टाकले.