जामीन झाला, खटला उरला



आपल्या चळवळीने कोर्टाची पायरी चढली ती फिर्यादी बाईचा हात धरून. मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ च्या खुल्या पत्राने त्या निकालाला जाब विचारला, बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. ४९८-अ कलमही त्याच वर्षीचं. तेव्हापासून फिर्याद कशी नोंदवून घ्यायला लावायची, पंचनामा कसा तपासायचा, सरकारी वकिलाचा पाठपुरावा कसा करायचा, हे गावोगावच्या कार्यकर्त्या शिकल्या. पण बाई स्वतःच आरोपी असते तेव्हा काय? तेव्हा आपली धावपळ जामिनापाशी थांबते.

रत्नागिरी जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस गुहागर तालुक्यातल्या वेलदूरच्या मासेमार वस्तीत शिरले. एन्रॉनच्या वीजप्रकल्पाला विरोध करणाऱ्या बायांना घरातून ओढून काढलं, मारलं, अटक केली. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी यावर अहवाल काढला. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात बाईला अटक करू नये, अपवाद असेल तर दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी आणि महिला पोलीस असावी, ही तरतूद त्यानंतर, २००५ च्या दुरुस्तीने आली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा बाया रस्त्यावर आडव्या झाल्या. शंभराहून जास्त आंदोलकांना ताब्यात घेतलं गेलं. त्यांत बहुसंख्य बायाच होत्या.

अशा दिवसांत घोषणा होतात, फोटो छापून येतात, सुटून आलेल्या बायांना हार घातले जातात. मग तारखा सुरू होतात. राजापूर-लांज्याकडून रत्नागिरीच्या जिल्हा कोर्टात जायचं तर वाट आमच्या पालीवरून. तारखेला निघालेल्या बायांशी मी बोलते तेव्हा एक प्रश्न हमखास विचारते: तुमच्यावर कलमं कोणती? बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असतं, "ते वकिलांना ठाऊक." दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून ती ज्या खटल्यासाठी जाते, तो खटला नेमका काय आहे हेच तिला कुणी सांगितलेलं नसतं. हे आपल्याला चालणार आहे का?

आधी कागद समजून घेऊ. एफआयआर ही तपासाची सुरुवात आहे. तो निकाल नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे, संवेदनशील प्रकरणं सोडली तर, एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यायला हवा. आरोपीला त्याची नक्कल मागता येते. अटकेची कारणं लेखी आणि कळेल अशा भाषेत द्यायला हवीत, हे याच न्यायालयाने २०२५ साली स्पष्ट केलं आहे. तपास संपला की दोषारोपपत्र येतं. त्याची आणि सोबतच्या जबाबांची नक्कल आरोपीला फुकट मिळते. ती मागून घ्या आणि बायांना मोठ्याने वाचून दाखवा. प्रत्येक कलमापुढे तीन गोष्टी लिहा: जामीनपात्र की अजामीनपात्र, शिक्षा जास्तीत जास्त किती, आणि ते सिद्ध करायला पोलिसांना नेमकं काय दाखवावं लागेल. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण त्याआधीच्या घटनांचे खटले जुन्या दंडविधानाखालीच चालतात. म्हणून दोन्ही आकडे माहीत हवेत.

आंदोलनातल्या बायांवर नेहमी लागणारी तीन कलमं पाहा. बंदी आदेश मोडल्याचं कलम १८८, आता २२३. इथे संबंधित अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार कोर्टापुढे लागते. निव्वळ पोलिसांच्या दोषारोपपत्रावर कोर्टाला त्याची दखल घेता येत नाही. ती तक्रार आहे का, हे वकिलांना विचारा. दुसरं, ज्याला आपण 'सरकारी कामात अडथळा' म्हणतो ते ३५३, आता १३२. हे अजामीनपात्र आहे, आणि जुन्या कलमाखालची शिक्षा महाराष्ट्राने २०१८ साली पाच वर्षांपर्यंत वाढवली होती. पण त्यात हल्ला किंवा बळाचा वापर दाखवावा लागतो. नुसत्या घोषणा दिल्या म्हणून ते सिद्ध होत नाही. तिसरं कलम १४९, आता १९०. पाच किंवा जास्त जणांचा जमाव बेकायदा ठरला, तर त्या जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने केलेल्या गुन्ह्याला सगळे जबाबदार धरले जाऊ शकतात. "माझ्या हातात तर काहीच नव्हतं" एवढं म्हणून भागत नाही, ते यामुळे. तू कुठे उभी होतीस, कधी पोचलीस, कुणाबरोबर होतीस, हे वकील खोदून विचारतात ते अविश्वासाने नव्हे.

वकिलाला खरं सांगायचं, अडचणीचं असेल तेही. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवण्याचं बंधन कायद्यानेच वकिलावर आहे. पोलीस ठाण्याच्या आवारात, शेजारपाजारी किंवा मोबाइलवरच्या गटात मात्र घटनेची चर्चा नको. वकीलपत्र वाचून मगच सही करायची. फी दिली तर पावती मागायची. खटल्याचा सीएनआर क्रमांक वहीत लिहून ठेवायचा, म्हणजे पुढची तारीख ई-कोर्ट्सवर स्वतः पाहता येते. तारखेला जाणं शक्य नसेल तर आधी वकिलांना कळवून गैरहजेरी माफीचा अर्ज द्यायचा. नाहीतर वॉरंट निघतं, आणि जामिनाची सगळी मेहनत पाण्यात जाते.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. बाई आरोपी असली तरी हा हक्क जात नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो, १५१०० वर फोन करता येतो. मोफत मिळालेल्या वकिलालाही प्रश्न विचारायचे असतात. तो उपकार करत नाही, काम करतो.

आता जरा बोचणारी गोष्ट. तीस बायांवर एक गुन्हा आणि सगळ्यांचा वकील एक, ही आपली नेहमीची पद्धत. तिने एकजूट दिसते, खर्च वाचतो. पण त्या तिसांतली एखादी त्या दिवशी माहेरी असेल तर? तिच्या बचावाची दिशा वेगळी आहे. तिला वेगळा वकील लागेल, आणि तो मागणं म्हणजे फितुरी नव्हे. लढा संघटनेचा असतो, पण आरोपीच्या पिंजऱ्यात एकेक बाई उभी राहते. कबूल करायचं की लढायचं, हा निर्णय तिचाच. संघटनेने माहिती द्यावी, सोबत करावी, पण तिच्या वतीने ठरवू नये.

"गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळ्या व्हा," हा सल्ला कोर्टाच्या व्हरांड्यात सर्रास मिळतो. खेटे घालून थकलेल्या बाईला तो गोड लागतो. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. मुलीच्या वयाची कार्यकर्ती उद्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीला गेली किंवा पासपोर्टचा अर्ज भरू लागली, की तो कागद आडवा येतो. हे समजून एखादीने कबुली दिली तर तो तिचा हक्क. न समजता दिली तर ती आपली सगळ्यांची हार.

आणि मंत्र्यांनी "गुन्हे मागे घेऊ" म्हटलं म्हणून तारखा सोडू नका. खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाला अर्ज करावा लागतो आणि कोर्टाची संमती लागते. ती मिळेपर्यंत तारीख ती तारीखच. एन्रॉन कंपनी २००१ साली दिवाळखोरीत निघाली. कंपनी बुडते, सरकारं बदलतात, पण कोर्टातली फाइल आपोआप बंद होत नाही.

म्हणून प्रत्येक गटाने एक वही घालावी. त्यात आरोपी बायांची नावं, कलमं, वकील, पुढची तारीख आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार हे लिहावं. महिन्याच्या बैठकीत बचतीच्या हिशेबाआधी ती वही वाचावी. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. वरच्या कोर्टासाठी मुंबई गाठण्याचा फेरा तेवढा वाचला. पण गावातून तालुक्याच्या कोर्टात एकटीने जाणाऱ्या बाईचा रस्ता आपणच कमी करायला हवा. मोर्च्याला शंभरजणी निघतो, तशा तारखेला निदान दोघी तरी निघूया.