प्रत्येक सूज ॲलर्जीची नसते

ओठ किंवा चेहरा सुजला की आपल्याकडे निदान ठरलेलेच असते: काहीतरी बाधले. वांगी बंद, अंडी बंद, सेट्रिझिन सुरू. दोन-तीन दिवसांत सूज आपोआप उतरली तरी श्रेय गोळीला मिळते. महिन्याभराने ती पुन्हा उद्भवते आणि पथ्याच्या यादीत आणखी एका पदार्थाची भर पडते. माझ्या मते, ही दुसरी खेपच निदान नव्याने तपासण्याची वेळ होय.

ॲलर्जीची सूज हिस्टामाइनमुळे येते. ती झपाट्याने चढते, खाज सुटते, बहुधा अंगावर गांधी उठतात. ब्रॅडिकायनिनमुळे येणारी सूज मात्र काही तासांत हळूहळू वाढते, खाजत नाही, गांधी उठत नाहीत आणि ॲलर्जीच्या गोळ्यांना वा स्टेरॉइडला दाद देत नाही. तिचे कारण कधी घरातल्या औषधांच्या डब्यातच असते. रामिप्रिल, एनालाप्रिल ही रक्तदाबाची औषधे वर्षानुवर्षे सोसल्यानंतरही अशी सूज आणू शकतात. कधी कारण आनुवंशिक असते. विल्यम ऑस्लर यांनी १८८८ साली एका कुटुंबाच्या पाच पिढ्यांत ही सूज नोंदवली. तिच्या मुळाशी सी-१ इनहिबिटर या प्रथिनाची उणीव असल्याचे १९६३ साली उलगडले. सुमारे ५० हजारांत एकाला होणारा हा विकार पोटातही तीव्र कळा आणतो, त्यामुळे काहींवर विनाकारण शस्त्रक्रिया होते. घसा सुजला तर प्राणावर बेतते.

तपासणीची पहिली पायरी साधी आहे: रक्तातील सी-४ प्रथिनाची पातळी. बहुतेक आनुवंशिक रुग्णांत ती सूज नसतानाही कमी आढळते. त्यानंतर सी-१ इनहिबिटरचे प्रमाण आणि कार्य तपासावे. घराण्यात कोणाला नाही, एवढ्यावरून शंका सोडू नये. जवळपास चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत जनुकीय बदल नव्यानेच घडलेला असतो. मात्र श्वास अडत असेल तर कारणाचा शोध नंतर, रुग्णालय आधी.

मुंबईत परळला केईएमच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था अशा जन्मजात विकारांवर काम करते. भिलाईच्या कॅम्प-१ मधील कामगाराला परळ दूर आहे. पण खाज होती का, गांधी उठल्या का, कोणती औषधे चालू आहेत, घरात आणखी कोणाला असे होते का, हे चार प्रश्न त्याच्या गल्लीतल्या दवाखान्यातही विचारता येतात. ते विचारले जात नाहीत, हीच खरी उणीव आहे.