मारणं, मरू देणं आणि घास भरवणं

‘मारलं’ आणि ‘मरू दिलं’ यांत आपण मोठं अंतर मानतो. बँकेतही तेच पाहिलं. चुकीच्या कागदावर सही करणाऱ्याची चौकशी व्हायची. योग्य कागद महिनोन्‌महिने दाबून ठेवणारा हारतुरे घेऊन निवृत्त व्हायचा. (त्यापायी एखाद्याचा कारखाना बुडाला, तरी.)

हाच हिशेब अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला मांडावा लागला. 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला, साखळीने गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. त्या जगल्या, म्हणून तो खुनी ठरला नाही. सात वर्षांची शिक्षा भोगून सुटला. त्या मात्र 41 वर्षं तिथेच पडून होत्या आणि परिचारिकांच्या पिढ्या त्यांना सांभाळत होत्या.

त्यांना भरवणं थांबवून शांतपणे जाऊ द्यावं, असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनी केला. 7 मार्च 2011 रोजी तो फेटाळला गेला. विषाची सुई टोचणं गुन्हाच, पण अशा रुग्णाचे उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीने थांबवता येतील, असं न्यायालयाने ठरवलं. दाखला दिला जळत्या घराचा : बाहेर नुसतं उभं राहणाऱ्याला कुणी खुनी म्हणत नाही.

मला हा दाखला पटत नाही. रस्त्यावरच्या बघ्याने कुणाची जबाबदारी घेतलेली नसते. कुस्करलेला घास रोज तोंडाशी नेणारी परिचारिका काही बघी नव्हे. ‘मी काहीच केलं नाही’ असं बाळाला दूध न पाजणाऱ्या आईला म्हणता येईल का? उलट, मरण नुसतं लांबवणारं श्वसनयंत्र डॉक्टर काढतात तेव्हा त्यांचा हात हलतो, तरी माणूस जातो तो आजाराने. तेव्हा हात हलला की नाही, हे गौण. जबाबदारी कुणाची होती आणि जाणाऱ्याची इच्छा काय होती, ते आधी विचारावं.

ती इच्छा आधीच लिहून ठेवण्याची सोय 2018च्या निकालाने झाली. 2023 मध्ये तिची पद्धत सोपी केली गेली. अरुणाताईंजवळ असा कागद असणं शक्य नव्हतं. पंचविशीत कोण असलं काही लिहितं? लेखिका म्हणत होती ‘सोडा’, परिचारिका म्हणत होत्या ‘नाही’. न्यायालयाने परिचारिकांचं ऐकलं. घासापुरतं मीही त्यांचंच ऐकलं असतं. पण मे 2015 मध्ये न्यूमोनिया झाल्यावर त्यांना श्वसनयंत्रावर ठेवलं, तिथे मी ‘आता पुरे’ म्हटलं असतं. 18 मे रोजी त्या गेल्या.