घरगुती सोय, समोर समुद्र

सुट्टी म्हटली की गोवा, आणि गोवा म्हटलं की खिशाला कात्री, हे समीकरण आपणच करून ठेवलंय. मधला कोकण किनारा मात्र आपण गाडीच्या काचेतूनच बघतो.

या अंकात आम्ही मुद्दाम घरगुती निवासांकडे वळलो आहोत. मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. नाना फडणवीसांचं हे गाव आता ओळखलं जातं ते ऑलिव्ह रिडले कासवांमुळे. २००२पासून इथे घरटी राखली जातात. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळ-संध्याकाळ घरट्यावर झाकलेली टोपली उचलली जाते आणि तळहाताहून लहान पिल्लं ओल्या वाळूवरून धडपडत पाण्याकडे निघतात. मुक्काम गावकऱ्यांच्याच घरी, बहुतेकदा गादी घालून ओटीवर किंवा माजघरात. ज्यांना एसीशिवाय झोप येत नाही, त्यांनी उगाच जाऊ नये!

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीतून गाडीसकट खाडी ओलांडणं हीसुद्धा एक सहलच, तीही किरकोळ तिकिटात. पुढे गुहागरचा लांबलचक किनारा. मालवणात पहाटे रापणीचं जाळं ओढताना बघायला तर काहीच पैसे पडत नाहीत. ताज्या मासळीसाठी जाणार असाल तर जून-जुलै टाळा. तेव्हा यांत्रिक मासेमारी बंद असते.

जेवण आदल्या दिवशीच सांगून ठेवा, घरमालकाशी दरावरून घासाघीस करू नका, आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या परत घेऊन या.