मोबाईल एक, नंबर कोणाचा?

24 जानेवारी 2022 ला मुंबईतल्या शाळा पुन्हा उघडल्या. मार्च 2020 च्या मध्यावर ज्या बंद झाल्या, त्यांपैकी आठवी ते बारावीचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाले आणि पहिली ते सातवीचे 15 डिसेंबरला. तीन आठवडे होत नाहीत तोच ओमायक्रॉन आला आणि दहावी-बारावी सोडून बाकीच्यांना पुन्हा घरी बसावे लागले. जून 2020 मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीत घातले, ते वर्गातल्या बाकावर पहिल्यांदा बसले तेव्हा दुसरीत होते, आणि दुसरीचेही निम्मे वर्ष सरले होते.

बंद शाळांचा हिशेब सरकार मांडेल, वर्तमानपत्रे मांडतील. या महिन्यात मला आपल्या घरांचा हिशेब मांडायचा आहे, कारण ही दोन वर्षे शाळा आपल्या घरातच भरत होती.

आमच्या शाळेत परळ, लालबाग, काळाचौकी, नायगाव, शिवडी या भागांतली मुले येतात. इथली घरे केवढी, हे तुम्हाला सांगायला नको. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. शंभर वर्षांपूर्वी कामगारांसाठी बांधलेल्या अशा खोलीत 2020 च्या जूनमध्ये शाळा येऊन बसली. एका कोपऱ्यात चौथीचा वर्ग, दुसऱ्या कोपऱ्यात आठवीचा, मध्ये शिलाई मशीन, खाटेवर दादी आणि दारात शेजारच्यांचे बोलणे. त्या वर्षी आपण रमजानची तरावीह घरी पढली, ईदची नमाजही घरीच झाली. लालबागच्या राजाचीही स्थापना झाली नाही. मंडळाने त्याऐवजी रक्तदान आणि प्लाझ्मादानाची शिबिरे घेतली. सगळ्यांनीच आपापल्या सवयी मोडल्या. मुलांच्या सवयी मोडल्या त्या मात्र अजून जागेवर आलेल्या नाहीत.

आम्हा शिक्षकांनाही हे नवे होते. बी.एड.ला आम्ही फळ्यावर लिहायला शिकलो, प्रश्न कसा विचारावा हे शिकलो. समोर मुलांची तोंडे नसताना शिकवायचे कसे, याचा पाठ मात्र नव्हता. तांदळाच्या डब्याला मोबाईल टेकवून मी शिकवायला लागले. मराठीचे एकवेळ जमले, उर्दूचे कठीण गेले. उर्दूचे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एका रूपात असते, मध्ये दुसऱ्या आणि शेवटी तिसऱ्या. लहान मुलाचा हात धरून ते गिरवून घ्यावे लागते. मी कागदावर लिहून फोटो पाठवायचे, मुले आपल्या वहीचा फोटो पाठवायची. अक्षर बरोबर दिसायचे, पण मुलाने पेन कुठून सुरू करून कुठे नेले हे फोटोत कसे दिसणार?

साधने नव्हती असे नाही. बालभारतीची पुस्तके मोबाईलवर मोफत उतरवून घेता येत होती, उर्दूचीही. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. टीव्हीला मोबाईलचे रिचार्ज लागत नाही, म्हणून पुष्कळ आयांना तिचा आधार वाटला. लॉकडाऊनमध्ये जी कुटुंबे कोकणात गावी गेली, त्यांचे हाल वेगळे. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकले. विजेचे खांब पडले, मोबाईलचे टॉवर बंद पडले. शाळेचे वर्ष सुरू झाले तेव्हा माझ्या वर्गातल्या काही मुलांचा फोन कित्येक दिवस लागत नव्हता.

आता घरातल्या मोबाईलकडे येऊ. जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारने 'प्रज्ञाता' नावाच्या सूचना काढल्या. पहिली ते आठवीच्या मुलांना दिवसाला 30 ते 45 मिनिटांचे दोनच तास घ्यावेत आणि नववी ते बारावीला जास्तीत जास्त चार, असे त्यांत होते. मुलांच्या डोळ्यांचा विचार करून केलेली ही मर्यादा योग्यच होती. पण एक हिशेब करून पाहा. घरात एक मूल दहावीत, एक आठवीत, एक चौथीत. दहावीचे तीन तास, बाकी दोघांचे दीड-दीड. एकूण सहा तास. घरात मोबाईल एक, आणि अब्बा टॅक्सीवर किंवा डिलिव्हरीला गेले की तोही त्यांच्या खिशात. बहुतेक वर्ग सकाळीच भरायचे, म्हणजे तिघांचीही वेळ एकच.

अशा वेळी नंबर लागतात. नळावर लागतात तसे घरातही लागले. मी रात्री नऊनंतर घरोघरी फोन करायचे, कारण मोबाईल घरी यायची ती वेळ. कोण किती वेळा वर्गात आले याची नोंद माझ्याकडे असायची. पुढे पुढे ती नोंद पाहून त्या घरातला नंबर कसा लागतो हे मला सांगता येऊ लागले. दहावीतला मुलगा पहिला, कारण बोर्डाचे वर्ष. हे कोणीही मान्य करील. पण दुसरा नंबर आठवीतल्या मुलीचा लागायला हवा होता, तो लागायचा चौथीतल्या मुलाचा. मी विचारले की अम्मी सांगायची, “टीचर, तो रडतो हो, घर डोक्यावर घेतो. ही समजूतदार आहे, काही म्हणत नाही.”

“समजूतदार आहे.” या दोन वर्षांत हे शब्द मी इतक्या घरांतून ऐकले की त्यांची मला धास्ती वाटायला लागली. जे मूल रडले नाही, भांडले नाही, त्याचा वर्ग गेला, आणि असे मूल बहुतेक घरांत मुलगी होती. दहावी असलेल्या मुलीलाही पहिला नंबर मिळालाच असे नाही. शिवाय घरात सगळे दिवसभर असल्यामुळे भांडी तीनदा पडत होती, चहा चारदा होत होता. काही मुली कानात इअरफोन घालून पीठ मळता मळता तास ऐकायच्या. मी नाव घेतले की आवाज यायला वेळ लागायचा, आधी कुकरची शिट्टी ऐकू यायची. ती वर्गात हजर होती असे मी लिहिले. शिकत होती असे मात्र कसे म्हणू?

मी आई-वडिलांना दोष देत नाही. ज्यांचे रोजचे उत्पन्न बंद झाले होते त्यांनी दुसरा मोबाईल कुठून आणायचा? पण आहे त्या मोबाईलची वाटणी कशी करायची, हे तरी आपल्या हातात होते. नोमान बिन बशीर यांची हकीकत तुम्ही ऐकली असेल. त्यांच्या वडिलांनी या एका मुलाला काही भेट दिली आणि प्रेषितांना (स.) साक्षी राहायची विनंती केली. प्रेषितांनी विचारले, बाकीच्या मुलांनाही असेच दिले आहे का? नाही म्हटल्यावर त्यांनी साक्षीला नकार दिला. भेट मोबाईलवरच्या दीड तासाची असली तरी प्रश्न तोच राहतो.

ही वाटणी नीट केलेली घरेही मी पाहिली. म्हसळ्याकडून लग्न होऊन आलेली, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली एक आई. तिने कपाटाच्या दारावर कागद चिकटवला होता. त्यावर तिन्ही मुलांची नावे आणि वारांप्रमाणे वेळा होत्या. सोमवारी सकाळचा तास एकाचा, मंगळवारी दुसऱ्याचा. ज्याचा तास बुडायचा त्याच्यासाठी ती संध्याकाळी मोबाईल स्वतःकडे घ्यायची आणि माझा आवाजी संदेश त्याला शेजारी बसवून ऐकवायची. इंग्रजी तिला येत नव्हते, उर्दूही बेताचेच. पण मुलांचे मराठीचे पुस्तक तिने स्वतः घेतले. उर्दू माध्यमातल्या आमच्या पुष्कळ मुलांच्या कानावर मराठी पडते ती शाळेतच, आणि शाळा बंद झाल्यावर ती पार तुटली. या आईची मुले मात्र मराठीत मागे पडली नाहीत. मराठी शिकलेल्या कोकणातल्या कितीतरी आया आपल्या घरांत आहेत. आपल्याला काही येत नाही असे समजून त्या मागे राहतात. तसे राहू नये.

आता शाळा उघडल्या, मग हे कशाला उगाळायचे, असे कोणी म्हणेल. पण बुडालेले तास शाळा उघडल्याने भरून येत नाहीत. 15 मार्च 2022 ला दहावीची परीक्षा सुरू झाली. 2021 मध्ये परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि 99.95 टक्के मुले पास झाली. 2022 मध्ये लेखी परीक्षा नको म्हणून 31 जानेवारीला धारावीत तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांच्या घरासमोर मुलांनी गर्दी केली. पण परीक्षा होणार हे ठरले होते. त्या वर्षी अभ्यासक्रम 25 टक्क्यांनी कमी केला होता आणि मोठ्या पेपरला अर्धा तास वाढवून दिला होता. मुलांची लिहायची सवय मोडली होती, हे त्या अर्ध्या तासात शासनानेही मान्य केले होते. पेपर हातानेच लिहायचा होता, आणि जिला मोबाईलही मिळाला नाही आणि वही घेऊन बसायला वेळही मिळाला नाही, तिचा हात सगळ्यांत मागे होता.

म्हणून घरी तीन गोष्टी करा.

पहिली, दहावीतली मुलगी असेल तर परीक्षा संपेपर्यंत तिला घरकामातून मोकळी करा. रोज घड्याळ लावून एक प्रश्नपत्रिका पूर्ण लिहू द्या. भांडी मुलगाही घासू शकतो.

दुसरी, लहान मुलांना रोज अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, मुलालाही आणि मुलीलाही. तुम्हाला ती लिपी येत नसली तरी चालेल. मूल कुठे अडखळते हे कानाला कळते. अडखळेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि ती खूण वर्गशिक्षकांना दाखवा.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. वर्ग भरले तेव्हा पटावरची सगळी नावे परत आली नाहीत. कोणी गावीच राहिले, कोणी मुलगा कामाला लागला, आणि आठवी-नववीच्या काही मुली घरी बसल्या. “आता दोन वर्षे गेलीच आहेत, कशाला जाते?” असे त्यांना सांगितले गेले. तसे काही नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळण्याचा आणि मागे राहिलेले भरून काढायला खास मदत मिळण्याचा हक्क 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने दिला आहे. त्याहून मोठ्या मुलीला 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. दाखला हरवला असेल, फी थकली असेल, तरी आधी शाळेत या, बोला.

तुमच्या मजल्यावर, तुमच्या चाळीत अशी मुलगी आहे का, हे या महिन्यात बघा. तिच्या अम्मीशी बोला आणि तिचे नाव जवळच्या शाळेत कळवा. पुढे मे महिन्याची सुट्टी येते. जूनमध्ये नवे वर्ग भरतील तेव्हा तिचे नाव पटावर असावे, यासाठी हातात हेच दिवस आहेत.