पाळणाघराला तज्ज्ञ हवेत, पण कोणते?

मूल सांभाळणे ही माया आहे, काम नव्हे, अशी एक सोयीस्कर समजूत या देशाच्या राज्यकर्त्यांनी अर्धशतकभर जपली. तिचा लाभ सरकारी तिजोरीला झाला आणि तोटा श्रमिकांच्या बालकांच्या वाट्याला आला. नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा किंवा त्यासारखे कोणतेही गाव घ्यावे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. येथील मजूर स्त्री सकाळी शेतावर किंवा मिरचीच्या पथारीवर जाते, ती दिवस कलल्यावरच परतते. अंगणवाडी त्याआधीच बंद झालेली असते. उरलेल्या वेळी तान्ह्या मुलाला सांभाळते ती त्याची आठ-दहा वर्षांची बहीण. एका मुलाच्या संगोपनाची किंमत दुसऱ्या मुलीच्या शिक्षणातून वसूल होते आणि ही वसुली कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना केंद्र सरकारने २०२२ साली 'मिशन शक्ती'मधील 'पाळणा' योजनेत स्वीकारली. कल्पना योग्यच आहे. परंतु विस्तार म्हटला की नोकरशाहीला आधी आठवते ती इमारत, आणि मग तज्ज्ञांची समिती. समितीत शहरातले सल्लागार असतात, प्रशिक्षणाचे कंत्राट असते, माहिती भरण्याची यंत्रणा असते. २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर'ही सेविकेच्या हाती आला. मुलाचे वजन क्षणात दिल्लीला कळते. मूल मात्र आहे तिथेच राहते. ज्या स्त्रीच्या हातून हे सारे काम व्हायचे, तिला तज्ज्ञ म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत नेले. बालवाडीत मुले येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. त्यामागचा हिशेब साधा होता: धाकटे भावंड पाळणाघरात राहिले तरच थोरली बहीण शाळेत बसू शकते. शास्त्रीय दृष्टी बाहेरून आली. परंतु काम उभे राहिले ते वस्तीच्या गरजेवरून.

धानोऱ्यात अंगणवाडीचे पाळणाघर करायचे तर संघ कोणाचा असावा, याचे उत्तर यातच आहे. तीन वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र सेविका हव्यात. चाळीस मुलांना शिकवणाऱ्या एकाच बाईच्या कडेवर आणखी दहा तान्ही मुले देणे हा विस्तार नव्हे. घरात भिली किंवा मावची बोलणाऱ्या मुलाशी त्याच्या भाषेत बोलणारी शिक्षिका हवी. परिचारिकेच्या आणि डॉक्टरच्या भेटीचे वार ठरलेले असावेत. स्वयंपाक गावातल्या स्त्रियांच्या हाती असावा. आहारतज्ज्ञाने येऊन त्यांना शिकवावे आणि त्यांच्याकडून शिकावे. हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जावा. यातील एकही माणूस अनावश्यक नाही. परंतु केंद्रस्थानी सेविका नसेल तर बाकीचे सारे पाहुणे ठरतात.

आणि सेविकेला केंद्रस्थानी ठेवायचे तर 'मानधन' हा शब्द हद्दपार झाला पाहिजे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हापासून या स्त्रियांना स्वयंसेविका मानले गेले. केंद्राने २०१८ साली सेविकेचे मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये आणि मदतनिसाचे १,५०० वरून २,२५० रुपये केले. राज्य त्यात आपली भर घालते. परंतु भर कितीही पडली तरी दान हे दानच राहते, हक्क होत नाही. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आणि मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, असे सांगितले. न्यायालयाला जे दिसले ते अर्थखात्याला दिसू नये, हा दृष्टिदोष नव्हे, धोरण आहे.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न नेहमी येथेच का आठवतो? कारखान्यात तीसहून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर असावे, ही अट १९४८ च्या कारखाना कायद्याने घातली होती. म्हणजे स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्याने तिच्या मुलाची सोय करावी, हे तत्त्व देशाने केव्हाच मान्य केले. मग दिवाळीनंतर नंदुरबारची कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, तेव्हा फडावरच्या मुलाचा भार साखर कारखान्याने का उचलू नये? गावातील पाळणाघर कितीही उत्तम असो, ज्याची मुले सहा महिने उसाच्या पाचटात वाढतात, त्या गावाला ते अर्धेच मिळालेले असते.

एक गोष्ट चळवळीलाही सुनावणे भाग आहे. सेविकांच्या मोर्चात कार्यकर्ते निष्ठेने चालले. परंतु मोर्चा संपल्यावर अंगणवाडीत काय शिजते, काय शिकवले जाते, ती किती वाजता बंद होते, हे विचारायला फारसे कोणी गेले नाही. ते क्षेत्र अधिकाऱ्यांना आंदण दिले गेले. वेतनाची लढाई आणि बालकाच्या हक्काची लढाई वेगळी ठेवली की सरकार पहिलीला दुसरीचा धाक दाखवते: सेविका संपावर गेली तर मुले उपाशी राहतील! सेविका आणि मजूर माता एकाच ग्रामसभेत, एकाच ठरावावर उभ्या राहिल्या तर हा धाक उरत नाही. तो ठराव लिहिणे अवघड नाही. आई कामावर असेल तितका वेळ केंद्र उघडे राहील; तेथे काम करणारीला वेतन मिळेल; आणि आई ज्या फडावर जाईल, तेथे पाळणाघरही जाईल.