हिरकणीसाठी दरवाजा

ऑगस्टचा पहिला आठवडा १९९२ सालापासून जागतिक स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या दिवसांत आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर भित्तिपत्रके लागतात, एखादे व्याख्यान होते, जमलेल्या बाळंतिणींना मातेच्या दुधाची महती सांगितली जाते आणि आठवडा सरला की विषयही सरतो. मातेचे दूध श्रेष्ठ आहे हे पेडण्यातील अथवा डिचोलीतील कोणत्या मातेला ठाऊक नाही? ते तिने आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेले असते. तिला कळत नाही ते निराळेच. तिसरा दिवस उलटला तरी दूध उतरत नाही तेव्हा काय करावे, स्तनाग्रांना चिरा पडून मूल अंगाला लावताच डोळ्यांत पाणी उभे राहते तेव्हा कोणाला हाक मारावी, रात्री दोन वाजता मूल रडते ते भुकेने की आणखी कशाने, हे तिचे प्रश्न आहेत. त्यांचे उत्तर भिंतीवरचा कागद देऊ शकत नाही. ते जवळ बसलेले जाणते माणूसच देऊ शकते. आणि ते माणूस आज बाळंतिणीच्या उशाशी उरलेले नाही.

मुक्तीनंतरच्या सहा दशकांत गोव्याने आरोग्याच्या क्षेत्रात जे मिळविले त्याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत झाली. गोव्यात हे प्रमाण शंभराच्या अगदी जवळ आहे. घरातल्या अंधाऱ्या खोलीत, कंदिलाच्या उजेडात जीव टांगणीला लागण्याचे दिवस संपले. पेडणे आणि डिचोली येथील सामाजिक आरोग्य केंद्रे, अडलेल्या वेळी म्हापशाचे जिल्हा रुग्णालय, ज्याला लोक अजूनही आझिलोच म्हणतात, आणि त्याहूनही कठीण प्रसंगी बांबोळीचे गोमेकॉ, अशी ही साखळी आहे. तिने किती माता वाचविल्या असतील याचा हिशेब करणे अवघड आहे. परंतु ही साखळी रुग्णालयाच्या दारापाशी तुटते. चार दिवसांनी हातात कागद आणि कुशीत मूल देऊन मातेची घरी रवानगी होते. गोव्यात शंभरातील सुमारे चाळीस बाळंतपणे शस्त्रक्रियेने होतात. पोटावर टाके, उठता-बसता कळ, त्यातच दूध उशिरा उतरणे, ही या मातांची नेहमीची तक्रार असते. खरी कसोटी सुरू होते ती घरी गेल्यावर, आणि नेमक्या त्याच वेळी व्यवस्थेचा हात सुटतो.

पूर्वी हा हात गावाचा होता. आपल्याकडची वयजीण बाळंतपण उरकून निघून जात नसे. पुढे कित्येक दिवस तेल-पाण्याला, शेक-शेगडीला ती येत राही. आई, काकू, मावशी, शेजारीण अशा चार बायका खोलीत सतत वावरत. आळिवाची खीर, मेथीचे लाडू, नाचणीचे सत्त्व वेळेवर हातात येई. मूल कसे धरावे, खांदा कसा बदलावा, ढेकर कसा काढावा हे कोणी शिकवीत नसे. ते नुसते पाहून कळत असे. सटीच्या पूजेपासून बारशापर्यंतचे विधी देवाधर्माचे तर होतेच, पण बाळंतीण एकटी नाही याची ग्वाही देणारेही होते.

या जुन्या रीतीची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. तिच्यात घातक गोष्टीही होत्या. पहिल्या दोन-तीन दिवसांचे दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो अशुद्ध समजून पिळून टाकला जाई आणि बाळाच्या जिभेवर मध नाही तर गुळाचे पाणी ठेवले जाई. गाईच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या समाजाने स्वतःच्या लेकराला मात्र मातेच्या चिकापासून वंचित ठेवावे, हा विचित्र न्याय होता. रोगांशी झुंजण्याचे पहिले बळ बाळाला त्या चिकातूनच मिळते, म्हणून तर जन्मानंतर तासाभरात मूल अंगाला लावावे असा वैद्यकशास्त्राचा आग्रह आहे. देशात अजूनही निम्म्याहून कमी बाळांच्या वाट्याला हे भाग्य येते. वर उल्लेखिलेल्या पाहणीत हा आकडा ४१.८ टक्के होता. अज्ञान गेले पाहिजे यात शंका नाही. दुःख इतकेच की अज्ञानाबरोबर आपण सोबतही घालवून बसलो. आजचे घर नवरा-बायकोचे. सासू काजूच्या कारखान्यात, आई माहेरी, आणि माहेर पुष्कळदा सावंतवाडी किंवा दोडामार्गला. नवऱ्याची रजा दोन-चार दिवसांची. दार लागले की घरात उरतात एक थकलेली तरुणी आणि एक रडणारा जीव.

या एकांतात जन्माला येते ती भीती एकच असते: "माझे दूध पुरत नाही." बहुतेक वेळा ही भीती निराधार असते. दूध हे हंड्यात साठवलेले पाणी नव्हे. मूल जितके ओढील तितके ते तयार होते. नवजात बालकाचे पोट लहान, म्हणून त्याला दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते, आणि त्यात वावगे काहीच नाही. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून येते. पहिला आठवडा संपता संपता दिवसाला निदान सहा लंगोट ओले होत असतील तर दूध पुरते आहे असे समजावे. एवढी साधी खूण सांगायला कोणी नसते. मग घरचे घाबरतात आणि औषधाच्या दुकानातून भुकटीचा डबा येतो. डब्याने पोट भरले की मूल अंगावर कमी ओढते, कमी ओढले की दूध आटते, दूध आटले की डबा वाढतो. महिन्याभरात भीती खरी ठरते, आणि घरखर्चात एक नवा आकडा कायमचा बसतो. विहिरीचे पाणी गढूळ झालेल्या पावसाळ्यात बाटली नीट उकळली न गेल्यास त्या आकड्यात औषधपाण्याचीही भर पडते.

डब्याचा व्यापार किती बलाढ्य आहे हे जगाने पाहिलेले आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेत या व्यापाराला आचारसंहिता घालून देण्याचा ठराव आला तेव्हा ११८ राष्ट्रांनी बाजूने मत दिले आणि विरोधात उभे राहिले ते एकटे अमेरिकेचे सरकार. भारताने १९९२ साली कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. बालदुधाच्या भुकटीची जाहिरात करणे, मातांना फुकट नमुने वाटणे, डॉक्टरांना किंवा रुग्णालयांना भेटी देणे, डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापणे, हे सारे त्या कायद्याने निषिद्ध आहे. कायदा चांगला आहे. पण त्याची अंमलबजावणी होते की नाही हे पाहणारा डोळा तालुक्याच्या पातळीवर असला पाहिजे. त्याचबरोबर एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काही मातांना आजारपणामुळे अथवा अन्य कारणाने खरोखरच पाजता येत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने डबा वापरणारी माता कोणत्याही अर्थाने कमी प्रतीची माता ठरत नाही. तिला दूषणे देणारी जीभ आणि तिच्या हाती विनाकारण डबा ठेवणारा हात, दोन्ही सारखेच निर्दय आहेत.

मग उपाय कोणता? तो शोधायला फार दूर जाण्याचे कारण नाही. दोडामार्गचा नाका ओलांडला की महाराष्ट्राची हद्द लागते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आशा कार्यकर्तीची योजना देशात आली, आणि २०११ सालापासून नवजात बालकांच्या घरभेटीचे काम या कार्यकर्तीकडे सोपविण्यात आले. रुग्णालयातील बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी जावे, बाळाचे वजन करावे, माता कशी पाजते ते पाहावे, अशी ही आखणी आहे. गोव्याने आशा योजना स्वीकारली नाही. आपल्याकडे रुग्णालये जवळ, रस्ते चांगले, तेव्हा गावोगाव फिरणाऱ्या बाईची आपल्याला गरज नाही, असा विचार त्यामागे असेल तर तो अपुरा आहे. रुग्णालय पाच मैलांवर असून काय उपयोग? टाके ओले असलेली बाळंतीण रात्री दोन वाजता तेथे जाऊन "मूल कसे धरू?" असे विचारणार नाही. एकाच घरातल्या दोन मुली, एक दोडामार्गला दिलेली आणि एक डिचोलीला. पहिलीच्या दारी सहा वेळा कोणी यावे असा नियम आहे. दुसरीच्या दारी कोण येते, हा प्रश्न श्रीमंत राज्य म्हणविणाऱ्या गोव्याने स्वतःला विचारला पाहिजे. उपकेंद्रातील परिचारिका आहेत, अंगणवाडी सेविका आहेत. त्यांच्यावरील कागदांचा भार थोडा हलका करून, स्तनपानाचे रीतसर शिक्षण देऊन, बाळंतिणीच्या पहिल्या सहा आठवड्यांची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी सोपविता येईल. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत हा प्रयोग प्रथम करावा, अशी आमची सूचना आहे.

दुसरा उपाय तर काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणावा असा आहे. मूल अंगाशी बांधून कामाला लागणे ही आपल्या कष्टकरी बायांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. रस्त्याच्या कामावरची लमाणी बाई आजही मूल पाठीशी बांधते किंवा झाडाला लुगड्याची झोळी करते. सुशिक्षितांनी हे गरिबीचे लक्षण मानले आणि मुलाला वेगळ्या पाळण्यात, वेगळ्या खोलीत ठेवणे ही प्रगती समजली. शास्त्र आता त्या बाईच्या बाजूने बोलू लागले आहे. १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशातील बोगोटा शहरात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे मातेच्या उघड्या छातीशी बांधून ठेवली. त्या उबेने बाळे जगली, वाढली. पुढे आपल्या देशासह पाच देशांत झालेल्या पाहणीत, जन्मतःच असे छातीशी ठेवलेल्या फार कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू चतुर्थांशाने घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांनाही याचा लाभ आहे. मूल रडले नसतानाही रोज थोडे अधिक वेळ अंगाशी घेतल्यास सहाव्या आठवड्यात त्याचे रडणे ४३ टक्क्यांनी कमी होते, असे १९८६ साली कॅनडातील माँट्रियल येथील डॉक्टरांना आढळले. छातीशी असलेल्या मुलाची भूक मातेला ते रडण्यापूर्वीच कळते, आणि वेळेवर पाजल्याने दूधही वाढते. यासाठी हजारो रुपयांची विलायती पट्ट्यांची झोळी घ्यायला नको. जुने, मऊ, मजबूत सुती लुगडे पुरते. पथ्ये मात्र पाळली पाहिजेत: बाळाचे नाक-तोंड सदैव मोकळे आणि आपल्याला दिसणारे असावे, हनुवटी छातीवर टेकू नये, पाय फाकलेले आणि गुडघे बुडापेक्षा किंचित वर असावेत, आणि चुलीजवळ किंवा दुचाकीवर असे मूल कधीही बांधू नये.

आणि हे काम एकट्या मातेचे नाही. पाठीशी दत्तक पुत्र बांधून घोड्यावर स्वार झालेल्या झाशीच्या राणीचे पुतळे आपण चौकाचौकांत उभारतो. परंतु म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एखादा तरुण पिता मूल छातीशी बांधून भाजी घेऊ लागला तर चार जण हसतात. पिता पाजू शकत नसेल, पण मूल वाहू शकतो, लंगोट धुऊ शकतो, भाकरी करू शकतो, पत्नीला दोन तास सलग झोपू देऊ शकतो. दूध वाढविणारे याहून गुणकारी औषध आमच्या ऐकिवात नाही.

राहिला प्रश्न पोटापाण्याचा. २०१७ सालच्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सवड देण्याची तरतूद कायद्यात आहेच, आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामावर असतील तेथे पाळणाघर सक्तीचे झाले. तुये आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींत, मोपाच्या विमानतळावर, मोरजी-मांद्र्याच्या हॉटेलांत कंत्राटी कामावर असलेल्या किती मुलींना हे हक्क प्रत्यक्षात मिळतात, याची तपासणी मजूर खात्याने केली पाहिजे. आणि टोपली डोक्यावर घेऊन मिरची, भाजी, मासळी विकणाऱ्या बाईचे काय? तिला रजा देणारा मालकच नाही. पहिल्या अपत्यासाठी केंद्राच्या मातृवंदना योजनेतून मिळणाऱ्या पाच हजार रुपयांत ती सहा महिने घरी कशी बसणार? निदान म्हापसा, पेडणे, डिचोली आणि साखळी येथील बाजारांत आणि कदंबच्या स्थानकांवर तिला आडोशाचा, स्वच्छ, पाणी आणि बसायला बाक असलेला एक कोपरा मिळाला पाहिजे. कुलूप लावलेली आणि फलक मिरविणारी खोली नको. उघडणारी खोली हवी.

महाराष्ट्राच्या एस. टी. स्थानकांवर अशा खोलीला हिरकणी कक्ष म्हणतात. रायगडावर दूध विकायला गेलेली हिरकणी दरवाजे बंद झाल्याने अडकली आणि घरी तान्हे मूल भुकेले असेल या कासाविशीने काळोखात कडा उतरून गेली, ही आख्यायिका प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. महाराजांनी तिच्या धैर्याचा गौरव करून त्या जागी बुरूज बांधला, असे सांगतात. आपण तिचे गुणगान करीत आलो, आणि करीतच राहू. पण प्रत्येक मातेने कडा उतरावा अशी अपेक्षा कोणत्या राज्याला शोभत नाही. गोव्यातील नव्या बाळंतिणीला तिच्या त्यागावरची भाषणे पुष्कळ मिळाली आहेत. तिला हवी आहे घरी येणारी एक जाणती बाई, मूल उचलून घेणारा नवरा, कामावरची दोन वेळची सवड आणि बाजारातला एक आडोसा. एवढे आपण देऊ शकलो तर हिरकणीला कडा उतरावा लागणार नाही. तिच्यासाठी दरवाजा उघडा असेल.